विश्वास ठेवा, पण चाकू साखळीला बांधा

जर्मनीहून परत आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. प्रश्न कसला, ते उत्तरच असतं, शेवटी फक्त 'ना' लावलेलं. "काय शिस्त आहे ना तिकडे?" मग माझी वाट न बघता तोच सांगायला लागतो. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, कुणी रांग मोडत नाही, गाड्या सेकंदाला सुटतात, रक्तातच आहे हो त्यांच्या. यातल्या बऱ्याच जणांनी जर्मनी पाहिलेली नाही आणि ज्यांनी पाहिली आहे त्यांनी सहलीच्या बसच्या काचेतून. मी २०२५चा उन्हाळा लेकीकडे लाइपझिगला काढला. शहर पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं, म्हणजे सहलीच्या कंपन्या सहसा जिथे थांबत नाहीत असं. तिथे मला रक्तात काही दिसलं नाही. हिशोबात मात्र पुष्कळ दिसलं.

हिशोब हा शब्द आलाच आहे तर सांगून टाकते. मी बँकेत होते आणि नोकरीची बरीच वर्षं इन्स्पेक्शनला काढली. शाखेत न सांगता सकाळी हजर व्हायचं, आधी कॅश मोजायची, चहा नंतर. स्ट्राँगरूमच्या चाव्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, व्हाउचर एकाने करायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. एकट्या माणसावर विसंबायचं नाही, मग तो कितीही सज्जन असो, ही त्या कामाची पहिली पायरी. निवृत्त झाल्यावर ही सवय जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. लेक म्हणते, "आई, तू माणसाला नमस्कार करतानासुद्धा त्याची सही जुळते का बघतेस."

तर अशा मला लेक आणि जावई एका रविवारी गाडीतून गावाबाहेर घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला एक शेत, त्यात सूर्यफुलं आणि ग्लॅडिओलाच्या रांगा. बाजूला एक पाटी, पाटीवर कुठल्या फुलाला किती सेंट ते लिहिलेलं. खाली एक लोखंडी पेटी. माणूस नाही. लांबवर घर नाही. कॅमेरा मी शोधला, तोही नाही. फुलं आपण कापायची, आपण मोजायची, पैसे पेटीत टाकायचे आणि निघायचं. जर्मनीत अशी शेतं ठिकठिकाणी आहेत. खेड्यात अंडी, मध, बटाटेही असेच मांडलेले असतात.

लेक म्हणाली, "टाक पैसे आणि चल, ऊन लागतंय." पण मला ती पेटी बघायची होती. आणि पेटी बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. ती सिमेंटमध्ये पक्की रोवलेली होती. कुलूप चांगलं जाड होतं. फट अशी की नाणं आत जाईल, बोट जाणार नाही. फुलं कापायला चाकू ठेवले होते, ते साखळीने खांबाला बांधलेले. म्हणजे मालकाने लोकांवर विश्वास टाकला होता खरा, पण किती टाकायचा हे नीट ठरवून. एखाद्याने चार फुलं फुकट नेली तर नेऊ दे. दिवसभराचा गल्ला आणि चाकू मात्र जाता कामा नये.

घरी येताना मी मनातल्या मनात आकडेमोड केली. जर्मनीत त्या वर्षी किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होतं. तिथे आठ तास माणूस बसवायचा म्हटला तर दिवसाला शंभर युरोच्या वर गेले. शंभर युरोची फुलं रोज चोरीला जायची तर अर्धं शेत उठायला हवं. तेव्हा माणूस न बसवणं हाच फायद्याचा व्यवहार. जिथे पहारेकरी स्वस्त मिळतो तिथे सगळीकडे पहारेकरी दिसतात, आणि जिथे तो महाग तिथे पेटी दिसते. माझं हे अनुमान मी जावयांना सांगितलं. ते भला माणूस, म्हणाले, "असेलही." लेक म्हणाली, "आई, कधीतरी नुसती फुलं बघ."

फुलं सुंदर होती, हे नोंदवून ठेवते.

एकदा हा चष्मा लागल्यावर मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. ट्राममध्ये चढताना तिकीट कुणी बघत नाही. स्टेशनावर फाटकं नाहीत, बर्लिनच्या भुयारी रेल्वेलाही नाहीत. नवखा माणूस म्हणेल, केवढा विश्वास! पण मध्येच कधीतरी साध्या कपड्यातले दोघेजण डब्यात शिरतात, खिशातून ओळखपत्र काढतात आणि तिकिटं मागतात. तिकीट नसेल तर ६० युरो. हे पाहून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू. सरप्राइज चेक! शंभर टक्के तपासणी कधीच परवडत नाही, नमुना तपासायचा आणि दंड असा ठेवायचा की धाक राहील, हेच तर आम्ही करत होतो. पुढची गोष्ट मला जावयांनी सांगितली, आणि ती मात्र आवडली नाही. विनातिकीट प्रवास हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि ते कलम १९३५ सालचं, म्हणजे हिटलरच्या राजवटीतलं. कोर्टाने केलेला दंड भरता आला नाही म्हणून आजही तिथे माणसं तुरुंगात जातात. बहुतेक अर्थातच गरीब, बेघर, आजारी. एका तिकिटापायी माणसाला तुरुंगात ठेवायचा खर्च तिकिटाच्या कित्येक पट होतो. इतक्या हिशोबी देशाने हा हिशोब अजून का केला नाही, कळत नाही.

बाटल्यांचं तसंच. रस्त्यावर रिकामी बाटली पडलेली दिसत नाही याचं आपल्या लोकांना फार कौतुक. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि पेयांच्या पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट अनामत असते, २००३ सालापासून. दुकानातल्या यंत्राला बाटली दिली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दाखवून पैसे परत. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. बाटली म्हणजे पैसे, आणि पैसे कोण रस्त्यावर टाकतं? तरीही पार्कमध्ये तरुण मुलं रिकाम्या बाटल्या कचराकुंडीत न टाकता कुंडीशेजारी उभ्या करून जाताना दिसली. का, तर बाटल्या गोळा करणारी माणसं येतात, त्यांना कुंडीत हात घालावा लागू नये. त्यातले बरेच म्हातारे. एक आजोबा रोज संध्याकाळी दिसायचे, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, हातात स्वच्छ कापडी पिशव्या. श्रीमंत देशात पेन्शन न पुरणारा माणूस इतका नीटनेटका असतो की तो गरीब आहे हे आपल्या लक्षात यायला वेळ लागतो. त्यांनी मान लववली की मीही लववायची. बाटल्या उभ्या करून ठेवण्याच्या त्या रीतीला मात्र माझं अनुमान लागू पडेना. त्यात करणाऱ्याचा काहीच फायदा नव्हता, आणि ते करायला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

पार्सलचंही असंच. घरी कुणी नसेल तर पार्सलवाला सरळ शेजाऱ्याकडे देऊन जातो आणि आपल्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकतो. इमारतीत फ्लॅटला नंबरच नसतात. खाली बेलच्या पट्टीवर आडनावं असतात, पत्तासुद्धा आडनावावरच पोचतो. एरवी जिन्यात भेटल्यावर नमस्काराच्या पलीकडे एक शब्द न बोलणारा माणूस तुमचं महागाचं पार्सल दोन दिवस सांभाळून ठेवतो. आणि हेच लोक डॉक्टरकडच्या बैठकीच्या खोलीत शिरताना तिथल्या सगळ्या अनोळखी माणसांना मिळून एक नमस्कार घालतात. सगळे उत्तर देतात, मग पुन्हा शांतता. मला ते फार आवडलं. आजारी माणसं एकमेकांना हजेरी देतात.

पण थांबा, आरती ओवाळायच्या आधी हेही ऐका. सायकलचोरीत लाइपझिगचं नाव देशात वरच्या यादीत असतं. फुलांच्या पेटीला हात न लावणाऱ्या या शहरात माझे जावई सायकलला दोन कुलुपं लावतात आणि रात्री ती तळघरात नेऊन ठेवतात. त्यांच्या एका कुलपाचं वजन मी उचलून पाहिलं, स्ट्राँगरूमला शोभेल असं होतं. आणि गाड्या? सेकंदाला सुटतात म्हणणाऱ्यांना सांगते. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या फक्त ६२.५ टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत, आणि जी गाडी रद्दच झाली ती हिशोबात येतच नाही, कारण जी आली नाही ती उशिरा कशी येईल! मार्चअखेरीला ठेवी फुगवून दाखवणारे काही मॅनेजर मला आठवले. आम्ही त्याला विंडो ड्रेसिंग म्हणायचो. बर्लिनचा नवा विमानतळ २०११ला सुरू व्हायचा होता, तो सुरू झाला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी. रक्तात असतं तर तिथे का नव्हतं?

रविवारचं थोडक्यात सांगते. दुकानं बंद. सगळी. बेकरी काही तास, पेट्रोलपंप, आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं प्रवाशांसाठी म्हणून उघडी. मला वाटलं धार्मिक कारण असेल, पण लाइपझिगमध्ये चर्चला जाणारी माणसं फार थोडी. हा विषय राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेत रविवार विश्रांतीसाठी राखीव ठेवणारं कलम होतं, ते १९४९च्या घटनेने जसंच्या तसं आत घेतलं. बर्लिन राज्याच्या सरकारने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडायची मुभा दिली, तर २००९ साली सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ती घटनेत बसत नाही म्हणून सांगितलं. काचेच्या रिकाम्या बरण्या रस्त्यावरच्या पिंपात रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पहिल्या रविवारी मी कंटाळले, दुसऱ्या रविवारी चिडले, पुढे पुढे मात्र शनिवारी संध्याकाळपासूनच मला बरं वाटायला लागायचं. उद्या काही आणायला जायचंच नाही, कारण जाताच येणार नाही. सुट्टी आपण ठरवून घेतो तेव्हा ती मोडताही येते. ही मोडता येत नाही.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत अंगवळणी पडली नाही, आणि ती म्हणजे अनोळखी माणसाने टोकणं. पादचाऱ्यांचा लाल दिवा होता, रस्ता दोन्ही बाजूंनी मैदानासारखा मोकळा, जावई पाऊल टाकणार तोच मागून एका बाईने खणखणीत आवाजात सुनावलं. भाषा येत नसली तरी सूर कळला. जवळ एक शाळकरी मूल उभं होतं, त्याच्यादेखत दिवा मोडायचा नाही असं त्या म्हणत होत्या. जावई मुकाट्याने मागे सरले. दंड म्हणाल तर पाच युरो, तोही पोलिसाने पाहिलं तर. खरा दंड ती बाई. माझी पहिली प्रतिक्रिया 'यांना काय करायचंय' अशीच होती. नियम हा पोलिसाचा, नाहीतर पालिकेचा, असं आपण धरून चालतो. त्या बाईंना तो स्वतःचा वाटत होता, जणू त्यांच्याच अंगणातून कुणी चप्पल घालून चाललं होतं. हे चांगलं की वाईट? मी अजून ठरवलेलं नाही, आणि पुढे सांगणार आहे त्यामुळे ते ठरवणं आणखीच अवघड झालं.

त्याआधी बागांबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या मुक्कामातला सगळ्यात आनंदाचा दिवस तिथला होता. शहरात भाड्याने बागेचा तुकडा घेऊन तिथे भाजी-फुलं लावायची, छोटी झोपडी बांधायची, शनिवार-रविवारी जाऊन बसायचं, ही रीत जर्मनीभर आहे. देशात असे नऊ लाखांच्या आसपास तुकडे आहेत. लोक त्यांना श्रेबर बागा म्हणतात, आणि ते नाव लाइपझिगचं. डॉक्टर श्रेबर हे तिथले. मुलांना मोकळ्या हवेत खेळायला जागा हवी असा त्यांचा आग्रह. ते वारले १८६१ला, आणि १८६४ला हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखांनी स्थापलेल्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. खेळायच्या मैदानाकडेला मुलांसाठी वाफे केले, मुलं कंटाळली, आईबापांनी खुरपी हातात घेतली आणि बागा झाल्या. स्वतः श्रेबरना यातली एकही बाग माहीत नव्हती. कुणाचं नाव कशाला चिकटेल काही सांगता येत नाही.

लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. पार्सलं त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे ओळख. त्यांची अशी एक बाग आहे. त्यांनी आम्हाला कॉफी आणि केकसाठी तिथे बोलावलं, आणि मी बसल्याबसल्या नियम विचारायला सुरुवात केली. लेक कपाळाला हात लावून भाषांतर करत होती. बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नको. झोपडी ओसरी धरून २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नको, आणि तिथे कायमचं राहायचं नाही. हे १९८३च्या केंद्रीय कायद्यात आहे. निदान एक तृतीयांश जमिनीत फळं आणि भाजी हवीच, नुसती हिरवळ करून आरामखुर्ची टाकलेली चालत नाही. कुंपणाची उंची संस्थेची घटना ठरवते. दुपारी काही वेळ यंत्राचा आवाज करायचा नाही. आणि वर्षातून एकदा संस्थेची समिती फिरते, प्रत्येक बाग बघते, शेरे लिहिते. इन्स्पेक्शन! मी विचारलं, सांगून येतात की न सांगता? बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि उलट विचारलं, तुम्ही काय काम करत होतात? मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मी सूतगिरणीत पगारपत्रकं करत होते.

त्यानंतर आम्हा दोघींना दुभाष्याचं ओझंच राहिलं नाही. कॅश जुळेपर्यंत घरी न जाणारी माणसं जगात कुठेही असली तरी एकमेकींना ओळखतात. त्यांची गिरणी म्हणजे लाइपझिगची जुनी सूतगिरणी, १८८४ साली सुरू झालेली, एके काळी युरोप खंडातली सगळ्यात मोठी समजली जायची. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत, लेक मला दाखवून आली होती. बाईंनी मला १ जुलै १९९०ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी पूर्व जर्मनीचा मार्क संपला. पगार एकास एक दराने नव्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या मार्कात. बचत मात्र मर्यादेपर्यंत एकास एक, साठीच्या आतल्या मोठ्या माणसाला चार हजार, साठीपुढच्यांना सहा, मुलांना दोन, आणि त्यावरची रक्कम दोनास एक. पगारपत्रकातले आकडे तेच, वरचं चलन वेगळं. आकडे बदलले नाहीत म्हणून लोक खूश होते, बाई म्हणाल्या. एवढे पगार देऊन केलेलं महाग सूत विकत घेणार कोण, हा प्रश्न नंतर आला. थोड्याच वर्षांत गिरणीतलं सूत थांबलं.

मग बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही 'राउंड कॉर्नर' पाहिलंत का? पाहिलं होतं. लाइपझिगमधली स्टासीची, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची कचेरी. वळणावरची गोल इमारत म्हणून लोकांनी तिला हे नाव दिलं. ९ ऑक्टोबर १९८९ला सत्तर हजारांवर माणसं याच शहरात राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरली, गोळी सुटली नाही, आणि ४ डिसेंबरला लोक या इमारतीत शिरले, कारण आत कागद नष्ट केले जात होते. आता तिथे संग्रहालय आहे. पत्रं वाफेवर उघडून पुन्हा चिकटवायची यंत्रं आहेत. खोट्या दाढ्या-मिशा आहेत. आणि काचेच्या बरण्या, त्यात पिवळं फडकं. संशयित माणूस ज्या खुर्चीवर बसला तिथला वास त्या फडक्यात धरून ठेवायचा, पुढेमागे कुत्र्याला हुंगवायला. मी ते शांतपणे बघू शकले नाही. सगळंच इतकं व्यवस्थित होतं! लेबलं, क्रमांक, नोंदवही. एखाद्या शाखेत मी असं रेकॉर्ड पाहिलं असतं तर उत्तम शेरा दिला असता.

१९८९ला स्टासीकडे ९१ हजार पगारी नोकर होते आणि एक लाख ८९ हजार गुप्त खबरे. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटीही नव्हती. खबरे म्हणजे कोण? शेजारी, सहकारी, मित्र, क्वचित नवरासुद्धा. फायली रांगेत लावल्या तर १११ किलोमीटर. फाडलेले कागद पंधरा हजारांहून जास्त पोत्यांत भरलेले सापडले, ते माणसं आजवर तुकडा तुकडा जुळवत आली. २ जानेवारी १९९२पासून प्रत्येकाला आपली फाइल मागून वाचायचा हक्क मिळाला. आपल्यावर कुणी पाळत ठेवली त्या खबऱ्याचं खरं नावही मागता येतं. तीस लाखांहून जास्त अर्ज आले.

मी विचारलं, तुम्ही वाचलीत तुमची? लेकीने भाषांतर करण्याआधी माझ्याकडे रागाने बघितलं, पण केलं. बाई म्हणाल्या, नाही. अर्ज केलाच नाही. फाइल आहे हे नक्की, कारण त्यांचा भाऊ पळून पश्चिमेला गेला होता. गिरणीतल्या हिशोब खात्यात त्या सहाजणी होत्या. त्यातल्या तिघी अजून महिन्याच्या पहिल्या बुधवारी त्यांना कॉफीला भेटतात. "पत्ते खेळतो आम्ही," बाई म्हणाल्या. बस, एवढंच. आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत वाढला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उघडी पडलेली फाइल समोर असताना ती न वाचणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, निदान हिशोब खात्यातला तर नाहीच. फुलांच्या शेताचं माझं अनुमान इथे थिटं पडत होतं. पेटीतले चार सेंट गेले तर मालकाला सोसवतात, म्हणून तो विश्वास ठेवतो, ठीक. पण या बाईंना गेलेली रक्कम किती हेच कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचं नाही.

त्यानंतर शहरातल्या बऱ्याच गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या. २०१० साली गूगलने रस्त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर टाकायची ठरवली, तेव्हा लाइपझिगसह वीस शहरांतल्या दोन लाख ४४ हजार घरांनी आमचं घर पुसट करा म्हणून कळवलं. घर, माणूसही नव्हे. लेकीने मला हे गंमत म्हणून सांगितलं होतं. आता गंमत वाटेना. २०२३ सालीसुद्धा तिथले निम्मे व्यवहार नगदीत होत होते, आणि आम्ही बँकवाले नगदीला मागासलेपण समजत आलो. नोट दिली, घेतली, कुठे नोंद नाही, ही सोय कुणाला का हवी असते हे मला त्या बरण्या पाहिल्यावर समजलं. बेलवर आडनाव लावायला हरकत नाही, अंगावर कपडे नसताना तळ्याकाठी ऊन खात पडायलाही हरकत नाही, पण घराचा फोटो नको, फोन नंबर नको, खात्यात किती ते विचारू नका. आपल्या उलट. आपण ओळख झाल्या झाल्या पगार विचारतो आणि बेलवर नुसता नंबर लावतो.

आणि तोच देश हिटलरच्या काळातलं जुनं देणं मात्र रस्त्यावर लिहून ठेवतो. चालता चालता फुटपाथमध्ये पितळेचा पत्रा चढवलेला चौकोनी ठोकळा लागतो, दहा सेंटिमीटरचा. त्यावर लिहिलेलं असतं, इथे अमुक राहत होती, जन्म अमुक साली, पकडून नेली अमुक तारखेला, कुठे मारली. ज्या घरात ती शेवटची स्वखुशीने राहत होती, त्याच घराच्या दारात. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने १९९२ साली हे काम सुरू केलं, २०२३च्या मे महिन्यात न्युर्नबर्गला एक लाखावा ठोकळा बसला. लेकीच्या गल्लीत एकाच दारापुढे चार होते, धाकटं मूल सात वर्षांचं. मी खातेवही वाचल्यासारखी ते वाचत उभी राहायची. लोक वरून चालत जातात, पितळ चमकत राहतं. आणि मग तळमजल्यावरच्या बाई दिसायच्या, खिडकीत कुंड्यांना पाणी घालताना, ज्यांनी आपलं स्वतःचं खातं बंदच ठेवलं.

लाल दिव्याशी खेकसणाऱ्या त्या बाईंचाही विचार मी पुन्हा केला. चाळीस वर्षं शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल गुपचूप लिहून दिलं, त्या शहरात त्या तोंडावर बोलल्या. तेवढ्यापुरतं तरी ते मला आता बरंच वाटतं. जावयांना वाटत नाही. त्यांचं म्हणणं, मला दोन्ही नको.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेकीशी यावरून कडाक्याचा वाद झाला. ती म्हणते, बाईंनी शहाणपणा केला. पंच्याहत्तरीनंतर नव्या मैत्रिणी मिळत नाहीत. मी म्हटलं, मी असते तर २ जानेवारी १९९२ला कचेरी उघडायच्या आधी रांगेत उभी असते, थर्मास घेऊन. समजा त्या तिघींपैकी कुणीच खबर दिली नसेल तर? आज तिघींवरही संशय आहे. फाइल उघडली तर निदान दोघी सुटतील. लेक म्हणाली, "तिघीही निघाल्या तर?" मी म्हटलं, तर तसं. ती म्हणाली, "आई, हा काय कॅश टॅली करायचा प्रश्न आहे?" मी म्हटलं, आहेच.

मला बाईंना अजून एक विचारायचं होतं. पत्ते खेळताना, डाव हरताना, कधीच मनात येत नाही का, की हिने तर नसेल? लेकीने हे भाषांतर करायला साफ नकार दिला. "हे विचारायचं असेल तर स्वतः जर्मन शीक आणि विचार," म्हणाली.

ऑनलाइन वर्ग लावला आहे. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री साडेआठला. बाकीची सगळी मुलं पंचविशीची, नोकरीसाठी शिकणारी. शिक्षिकेने विचारलं, तुम्हाला भाषा कशासाठी हवी? मी म्हटलं, एका बाईंची चौकशी करायची आहे.